ब्राउझरची पट्टी खाली गेली, टॅबचे चौकोन झाले: काय परत आणता येतं, काय नाही

मार्कंडेय_काठ

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपांवर सध्या मोबाइलच्या ब्राउझरबद्दल एकच सूर आहे: "ब्राउझर बदललाय, पहिल्यासारखा करून द्या." या एका वाक्यात तीन निरनिराळ्या तक्रारी असतात आणि तिन्हींचा इलाज वेगळा. ॲड्रेस बार, म्हणजे पत्त्याची पट्टी, वरून खाली आला, ही पहिली. टॅबची यादी जाऊन चौकोनी चित्रं आली, ही दुसरी. ब्राउझर उघडल्यावर आधीचं पान न येता होमपेज समोर येतं, ही तिसरी.

फायरफॉक्समध्ये तिन्ही फिरवता येतात. तीन टिंबं, सेटिंग्ज, कस्टमाइझ. तिथे टूलबारसाठी टॉप आणि बॉटम असे दोन पर्याय आहेत. टॅबसाठी सेटिंग्ज, टॅब्ज, आणि लिस्ट की ग्रिड ते निवडायचं. होमपेजसाठी सेटिंग्ज, होमपेज, मग अगदी तळाशी ओपनिंग स्क्रीन. तिथे 'चार तासांनंतर होमपेज' असा पर्याय असतो, आणि तो निवडलेला असेल तर सकाळी अर्धवट सोडलेलं पान दुपारी समोर येत नाही. पान कुठे गेलेलं नसतं, टॅबमध्येच असतं, पण माणूस घाबरतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. 'लास्ट टॅब' निवडला की प्रश्न मिटला.

क्रोममध्ये पट्टीची जागा बदलते: सेटिंग्ज, ॲड्रेस बार, टॉप किंवा बॉटम. नाहीतर पट्टीच दाबून धरा, हलवायचा पर्याय तिथेच येतो. टॅबचे चौकोन मात्र क्रोममध्ये जात नाहीत. एके काळी फ्लॅग्ज म्हणजे प्रायोगिक सेटिंग्जच्या पानावरून ग्रिड बंद करता यायचं, तो फ्लॅग काढून टाकल्याला वर्षं झाली. जुने व्हिडिओ अजून तोच उपाय सांगतात, त्यात वेळ घालवू नका.

आवृत्तीनुसार मेन्यूतली नावं थोडी इकडेतिकडे होतात. वेगळं दिसलं तर इथे लिहा.

निपाणी_नाका

पट्टी खाली आली ते चांगलंच झालं की ओ. साडेसहा इंची फोन एका हातात धरला तर अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत जातोय कुठे? एक तर फोन हातात सरकवायचा, नाहीतर दुसरा हात लावायचा. एका हातात पिशवी असली म्हणजे खालच्या पट्टीची किंमत कळते.

हलशी

निपाणीकरांच्या बाजूने थोडा इतिहास. खालची पट्टी काल-परवा सुचलेली नाही. २०११ मध्ये विंडोज फोनच्या मँगो आवृत्तीत इंटरनेट एक्सप्लोररची पट्टी खालीच होती. गुगलने 'क्रोम होम' नावाने २०१६ पासून हाच प्रयोग अँड्रॉइडवर चालवला आणि २०१८ मध्ये गुंडाळला. फायरफॉक्सने ऑगस्ट २०२० मध्ये अँड्रॉइडवरचा ब्राउझर मुळापासून नवा लिहून दिला, त्यात पट्टी खाली होती. सफारीची पट्टी सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १५ बरोबर खाली गेली. क्रोमने आयफोनवर २०२३ मध्ये ही निवड दिली आणि अँड्रॉइडवर २०२५ मध्ये.

प्रत्येक वेळी आरडाओरडा सारखाच झाला. सफारीच्या बीटामध्ये, म्हणजे चाचणी आवृत्तीत, तर पट्टी पानावर तरंगत होती. लोकांनी इतकी बोंब मारली की ॲपलने अंतिम आवृत्तीपर्यंत ती तळाला चिकटवली आणि वर न्यायचा पर्यायही दिला. तेव्हा ओरडून काही होत नाही असंही नाही.

अनगोळकर

"मुळापासून नवा लिहून दिला" हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण २०२० चा राग पट्टीच्या जागेबद्दल कमी आणि गायब झालेल्या सोयींबद्दल जास्त होता. जुना फायरफॉक्स ६८ वर थांबला आणि नवा थेट ७९ म्हणून आला. जुन्यात जवळपास सगळी एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडायच्या जादा सोयी) टाकता यायची, नव्यात सुरुवातीला जेमतेम नऊ. अबाउट-कॉन्फिग हे आतल्या सेटिंग्जचं पान नेहमीच्या आवृत्तीतून बंद. पान पीडीएफ म्हणून ठेवायची सोय गेली, ती बऱ्याच काळाने परत आली. एक्स्टेन्शनचं दार डिसेंबर २०२३ मध्ये उघडलं, एका दमात चारशेहून अधिक उपलब्ध झाली. म्हणजे सव्वातीन वर्षं.

रंग-आकार बदलला की लोक पंधरा दिवस कुरकुरतात आणि विसरतात. सोय गेली की ब्राउझर सोडून जातात. या दोन तक्रारी एका पोत्यात घालू नयेत.

शहापूर_कुंदा

आमच्याकडे बऱ्याच फोनमध्ये मेन्यू कन्नडमध्ये आहे. दुकानात फोन चालू करून देतानाच कन्नड लावून देतात. वरचं 'कस्टमाइझ' कुठे शोधायचं?

मार्कंडेय_काठ

ताई, आधी फक्त ब्राउझरची भाषा बदलून घ्या, अख्ख्या फोनची नको. अँड्रॉइड १३ पासून फोनच्या सेटिंगमध्ये ॲपची यादी, त्यात ब्राउझर, आणि त्या पानावर भाषेची ओळ असते. ॲपने सोय दिली असेल तर तिथे मराठी किंवा इंग्रजी निवडता येतं, बाकी फोन कन्नडच राहतो. जुन्या अँड्रॉइडवर ब्राउझरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये 'भाषे' (भाषेसाठीचा कन्नड शब्द) नावाची ओळ शोधा.

एक सुचवतो: पट्टी, टॅब वगैरे लावेपर्यंत इंग्रजी ठेवा. मदतीची बहुतेक पानं इंग्रजी नावं धरून लिहिलेली असतात. काम झालं की मराठी करा.

शिनोळी_फाटा

सीमेवरच्या लोकांचा खरा त्रास उताऱ्याच्या पानावर आहे, त्यावर कुणी बोलेना. म्हणून सविस्तर लिहितो.

कर्नाटकच्या 'भूमी' या जमीन-नोंदींच्या पानावर आरटीसी (तिकडचा सातबारा) बघताना क्रम असा: जिल्हा, तालुका, होबळी (तालुक्यातला गावांचा गट), गाव, सर्व्हे नंबर. मग 'गो'चं बटण. मग सर्नॉक नावाचा रकाना, ज्याच्या जागी बहुधा नुसता तारा असतो. मग हिस्सा, कालावधी, वर्ष. एक निवडलं की पुढची यादी सर्व्हरकडून येते. जांबोटी-कणकुंबीकडे रेंज पातळ असेल तर प्रत्येक पायरीला थांबावं लागतं. आता नव्या मांडणीत इथे तीन ठिकाणी अपघात होतो.

पहिला, खाली ओढून रिफ्रेश. पानाच्या माथ्यावर असताना बोट जरा जास्त खाली गेलं की पान ताजं होतं आणि सगळी निवड पुसली जाते. सगळ्या पायऱ्या पुन्हा. फायरफॉक्समध्ये कस्टमाइझच्या जेश्चर्समध्ये (बोट ओढण्याच्या खुणा) 'पुल टू रिफ्रेश' बंद करता येतं. क्रोमच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये तसा खटका नाही. तिथे पान किंचित वर सरकवून ठेवायचं आणि मगच यादीला हात लावायचा.

दुसरा, भाषांतर. कन्नड पान दिसलं की क्रोम भाषांतराची पट्टी पुढे करतो. कन्नडमधून मराठी होतं, वाचायला बरंही वाटतं. पण यादीतल्या गावांच्या नावांचंही भाषांतर होऊ शकतं. होसूरचं 'नवं गाव' झालं तर यादीत शोधणार काय? म्हणून गाव, होबळी निवडून होईपर्यंत मूळ भाषाच ठेवा, निकाल आला की भाषांतर करा. निकाल चित्र किंवा पीडीएफ असेल तर त्याचं भाषांतर होणारच नाही, ब्राउझर बदलूनही.

तिसरा, टॅबचे चौकोन. एकाच संकेतस्थळाची चार पानं उघडली की नाव सारखं, चित्रही सारखं. सर्व्हे नंबर त्या एवढ्याशा चित्रात वाचता येत नाही. चंदगडकडची जमीन महाराष्ट्रात आणि इकडची कर्नाटकात, असे दोन्ही उतारे लागतात त्यांचा तर गोंधळच. इलाज साधा: एक उतारा आला की लगेच शेअर, प्रिंट, सेव्ह ॲज पीडीएफ. फाइलला गाव आणि सर्व्हे-हिस्सा असं नाव द्या आणि तो टॅब बंद करा.

खानापूर_रोड

उपयोगी. एक भर घालतो: क्रोममध्ये टॅबचे गट करता येतात, दोन चौकोन एकमेकांवर ओढून सोडायचे. गटाला नाव आणि रंग देता येतो. 'सातबारा' एक, 'आरटीसी' एक. चौकोन काढता येत नाहीत तर निदान कामाला तरी लावा.

फक्त लिंक दाबून धरल्यावर येणाऱ्या यादीत 'नव्या टॅबमध्ये उघडा' आणि 'गटातल्या नव्या टॅबमध्ये उघडा' या दोन ओळी लागोपाठ असतात, हे लक्षात ठेवा. दुसरी चुकून दाबली की टॅब गटात जाऊन बसतो आणि लोकांना वाटतं उघडलाच नाही.

वडगाव_पेठ

मला वाटतं एवढं करत बसण्यापेक्षा जुनी एपीके, म्हणजे ॲपची फाइल, टाकावी आणि प्ले स्टोअरचं अपडेट बंद करावं. एकदाच काम, पुन्हा कटकट नाही.

अनगोळकर

नको ओ. याने सोय कमी आणि नुकसान जास्त, तेही क्रमाने बघा.

अँड्रॉइड चालू आवृत्तीवर जुनी आवृत्ती बसवू देत नाही. आधी ॲप काढावं लागतं. ॲप काढलं की त्यातले टॅब, बुकमार्क, साठवलेले पासवर्ड सगळे जातात, सिंक (खात्यात प्रत ठेवणं) चालू नसेल तर कायमचे. क्रोम फोनबरोबरच आलेला असतो, तो काढता येत नाही, 'अनइन्स्टॉल अपडेट्स' करता येतं. ते केल्यावर तो कारखान्यातल्या आवृत्तीवर जातो आणि डेटाही पुसतो. मग मधली हवी ती आवृत्ती शोधायची. प्रोसेसरला न जुळणारी एपीके उतरवली तर 'ॲप नॉट इन्स्टॉल्ड' एवढंच म्हणतो, कारण सांगत नाही. ३२ आणि ६४ बिटच्या फाइली वेगळ्या असतात.

हे सगळं जमलं तरी हाती काय येतं? सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झालेला ब्राउझर. आणि त्याच ब्राउझरमधून बँकेत लॉगिन. फायरफॉक्स ६८ आज कुणी टाकला तर कित्येक पानं धड उघडणारही नाहीत.

वडगाव_पेठ

आणि एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या दुकानात 'फेनेक' आहे ते? जुन्या फायरफॉक्सचं नाव फेनेकच होतं ना?

अनगोळकर

होय, जुन्याचं अंतर्गत नाव फेनेक, नव्याचं फेनिक्स. पण एफ-ड्रॉइडवरचं फेनेक हे नाव तेवढं जुनं, आतला माल नव्याचाच. मालकी हक्कातले काही भाग काढून बांधलेला नवा फायरफॉक्स आहे तो. चांगला आहे, पण जुना चेहरा मिळेल म्हणून टाकू नका.

अपडेट लांबवायचंच असेल तर प्ले स्टोअरवर त्या ॲपच्या पानावर उजवीकडच्या तीन टिंबांत 'एनेबल ऑटो अपडेट'ची खूण काढा. आठवडाभर थांबा, लोक काय म्हणतात बघा आणि मग स्वतः अपडेट करा. त्याहून जास्त थांबू नये.

मलप्रभा

संकेतस्थळं बनवणाऱ्यांच्या बाजूने. 'पट्टी खाली आल्यापासून सबमिटचं बटण दिसत नाही' ही तक्रार खरी, पण दोष बहुधा ब्राउझरचा नसतो, पानाचा असतो.

पानाची उंची 'शंभर व्हीएच' (पडद्याच्या उंचीचे शंभर टक्के) अशी दिली तर मोबाइल ब्राउझर ती उंची पट्टी लपलेली आहे असं धरून मोजतो. पट्टी दिसत असताना तेवढा भाग पडद्याच्या बाहेर जातो. पट्टी साधारण ५६ पिक्सेलची, बटणही तेवढंच. बरोबर बटणच झाकलं जातं. पट्टी वर असतानाही हे व्हायचं, खाली आल्यावर लोकांच्या डोळ्यांत भरलं एवढंच. यासाठी २०२२ मध्ये नवी मापं आली: एसव्हीएच म्हणजे पट्टी दिसत असतानाची उंची, एलव्हीएच लपलेली असतानाची, डीव्हीएच त्या क्षणाची. सफारी १५.४, फायरफॉक्स १०१, क्रोम १०८ पासून चालतात. बटण असलेल्या चौकटीला एसव्हीएच लावा. डीव्हीएच लावलं तर सरकवताना मांडणी हिसके खाते.

दुसरी गोष्ट कीबोर्डची. क्रोम १०८ पासून अँड्रॉइडवर कीबोर्ड उघडला तरी पानाची मूळ मांडणी आखडत नाही, फक्त दिसणारी खिडकी लहान होते. त्यामुळे तळाला चिकटवलेलं बटण कीबोर्डच्या मागे जातं. पानाच्या कोडातल्या व्ह्यूपोर्टच्या मेटा टॅगमध्ये 'इंटरॅक्टिव्ह-विजेट'ला 'रिसाइझेस-कंटेंट' दिलं की जुनी वागणूक परत मिळते. आणि वरती शिनोळीकरांनी सांगितलेला रिफ्रेशचा अपघात टाळायला मूळ घटकावर 'ओव्हरस्क्रोल-बिहेविअर'ला 'कंटेन' पुरतं. एका ओळीचं काम, तरी फॉर्मच्या पानांवर क्वचितच दिसतं.

वापरणाऱ्यांनी काय करायचं? बटण दिसेना तर बॅक एकदाच दाबा. कीबोर्ड मिटतो, बटण उघडं पडतं. दोनदा दाबलंत तर मागच्या पानावर जाल आणि भरलेलं गेलं. जीबोर्ड (गुगलचा कीबोर्ड) असेल तर प्रेफरन्सेसमध्ये कीबोर्डची उंचीही कमी करता येते.

निपाणी_नाका

खालच्या पट्टीचा मी कैवारी, तरी एक गोष्ट कबूल. अँड्रॉइड १० पासूनच्या जेश्चर नेव्हिगेशनशी तिची टक्कर होते. फायरफॉक्समध्ये पट्टीवरून बोट वर नेलं की टॅब उघडतात, आणि फोनच्या तळापासून बोट वर नेलं की होम स्क्रीन येते. दोन्हींमध्ये अंतर बोटभरही नाही. आडवं नेलं तरी तेच: पट्टीवर टॅब बदलतो, त्याखालच्या रेघेवर ॲप बदलतं.

बोट पट्टीच्या वरच्या अर्ध्या भागात ठेवायची सवय लागेपर्यंत फायरफॉक्सची ती दोन जेश्चर्स बंद ठेवा. वयस्कर माणसांच्या फोनवर तर सरळ तीन बटणांचं नेव्हिगेशन लावावं, भांडणच मिटतं. कडेवरून बॅक जास्त लागत असेल तर फोनच्या जेश्चर सेटिंगमध्ये त्याची संवेदनशीलता कमी करता येते.

शहापूर_कुंदा

लिंक कॉपी कशी करायची आता? पूर्वी पट्टीवर बोट ठेवलं की अख्खा पत्ता निळा व्हायचा.

हलशी

क्रोममध्ये पट्टीवर एकदा टेकवा. खाली चालू पानाची ओळ येते, तिच्या शेजारी शेअर, कॉपी आणि पेन्सिल अशी तीन चिन्हं. पेन्सिल म्हणजे पत्ता बदलायचा असेल तर. फायरफॉक्समध्ये पट्टी दाबून धरा, कॉपी येतं.

कॉपी केलेला पत्ता विचित्र दिसला तर घाबरू नका. पत्त्यात देवनागरी असेल तर कॉपी करताना तिचं टक्क्याची चिन्हं आणि रोमन अक्षर-आकडे यांत रूपांतर होतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि प्रत्येक बाइट लिहायला तीन अक्षरं. 'बेळगाव' मध्ये ब, एकाराची मात्रा, ळ, ग, काना, व अशी सहा चिन्हं, म्हणजे चोपन्न अक्षरांची माळ. लिंक चालते. फक्त मधली जागा सोडून किंवा ओळ तोडून पाठवू नका, तिथेच ती मरते.

टिळकवाडी_तिसरं_गेट

अक्षर लहान झाल्याची तक्रार राहिली. फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी. आपोआप अक्षराचा आकार फोनप्रमाणे घेण्याचा खटका बंद केला की खाली सरकपट्टी जागी होते. त्याच पानावर 'झूम ऑन ऑल वेबसाइट्स' आहे, तो चालू करा. चिमटीने मोठं करू न देणारी पानंही मग ऐकतात. क्रोममध्येही ॲक्सेसिबिलिटीत मूळ झूम आणि 'फोर्स एनेबल झूम' आहे. डेस्कटॉप साइट लावून उतारा बघणाऱ्यांना हे लागणारच.

जांबोटी_घाट

टॅब आपोआप नाहीसे होतात, त्याचं काय? पीक विम्याचं पान उघडून ठेवलेलं, महिन्याने नाही, असं दोघांनी विचारलंय.

मार्कंडेय_काठ

दोन शक्यता. फायरफॉक्समध्ये १४ दिवस न पाहिलेला टॅब 'इनॲक्टिव्ह'मध्ये जातो. टॅबच्या पानावर त्या नावाची मिटलेली ओळ असते, ती उघडली की सापडतो. टॅब्जच्या सेटिंगमध्ये हे बंद करता येतं. दुसरी शक्यता, त्याच पानावर 'क्लोज टॅब्ज' आहे: स्वतः, एका दिवसाने, आठवड्याने, महिन्याने. कुणी महिना निवडून ठेवला असेल तर टॅब खरंच बंद झालाय. मग हिस्टरीत शोधायचं, पान मिळेल, भरलेला मजकूर नाही.

क्रोममध्येही निष्क्रिय टॅब वेगळे ठेवायची सोय आहे, सेटिंग्ज, टॅब्जमध्ये बघा. आणि विम्याचं पान टॅबमध्ये ठेवायला सांगू नका हो. पावती क्रमांक वहीत, पावतीची पीडीएफ फोनमध्ये.

जांबोटी_घाट

सापडला. मिटलेल्या ओळीतच होता, त्यात आणखी चाळीसेक टॅब.